जुनी आवृत्ती, नवा साचा

विकिपीडियाबद्दल एक विधान इतक्या वेळा कानावर येते, की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. ते विधान म्हणजे विकीवर काहीच पुसले जात नाही. मराठी विकिपीडियावरचा कोणताही लेख उघडा आणि माथ्यावरच्या ‘इतिहास पहा’वर टिचकी मारा. पहिल्या ओळीपासून कालपर्यंत कुणी, केव्हा, काय बदलले याची उतरंड समोर उभी राहते. कोणत्याही तारखेवर टिचकी मारली, की त्या दिवशीची आवृत्ती हजर. शिवाय बाजूच्या पट्टीत एक ‘शाश्वत दुवा’ असतो. तो जपून ठेवला तर हवी ती आवृत्ती पुन्हा पुन्हा उघडता येते. दफ्तरखान्यात रुमाल सोडून बसणाऱ्या माणसाला एवढी सोय पाहून हेवा वाटावा.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी, पुढे आयुष्यभर हिशेबनिशी आणि फावल्या वेळात कोशवाङ्मयाचा नाद, एवढीच माझी पात्रता. हिशेबाच्या वह्या पाहिलेल्या माणसाला एक सवय लागते. आकडा जुळला तरी तो कोणत्या रकान्यात लिहिला आहे, हे तो पाहतो. त्याच सवयीने मी गेली काही वर्षे मराठी विकिपीडियाच्या जुन्या आवृत्त्या चाळतो आहे, आणि वरचे विधान निम्मेच खरे आहे असे माझे मत झाले आहे. लेखकाने टंकलेला मजकूर टिकतो. वाचकाने पाहिलेले पान टिकत नाही. यामागचे कारण आहे ‘साचा’.

‘टेम्प्लेट’ या शब्दाला मराठी विकिपीडियाने ‘साचा’ हा शब्द घेतला. शब्द चांगला आहे, सोपा आहे, पण तो थोडी दिशाभूल करतो. मोदकाच्या साच्यातून मोदक बाहेर आला, की त्याचा साच्याशी संबंध संपतो. उद्या साचा फुटला किंवा त्याच्या कळ्या कुणी बदलून घेतल्या, तरी ताटातले मोदक जसेच्या तसे राहतात. पेणच्या गणपतींचेही तेच. विकीवरचा साचा तसा नाही. लेखात साच्याचे नुसते नाव लिहिलेले असते, दोन-दोन महिरपी कंसांत, आणि त्यापुढे भरायची माहिती. चौकट कशी दिसावी, कोणती ओळ वर आणि कोणती खाली, रंग कोणता, हे सारे साच्याच्या स्वतंत्र पानावर असते. लेखाचे पान तयार होताना यंत्रणा साच्याकडे जाते आणि आज तो जसा आहे तसा आणून बसवते. म्हणून साचा बदलला की तो वापरणारे हजार लेख एकाच वेळी बदलतात. याच सोयीसाठी साचे निर्माण झाले. पण त्या हजार लेखांच्या जुन्या आवृत्त्याही त्याच क्षणी बदलतात, कारण जुनी आवृत्ती उघडली तरी यंत्रणा साचा आजचाच आणते.

हे कसे घडत गेले ते थोडक्यात सांगतो. पहिली विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी सुरू केली. आज्ञावली रचताना पुन्हा पुन्हा उपयोगी पडणारे नमुने एका जागी गोळा करावेत, हा तिचा हेतू होता. विकीचा जन्मच नमुन्यांच्या संग्रहासाठी झाला, हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, तो ‘यूजमॉडविकी’ या तयार आज्ञावलीवर. ही आज्ञावली जुन्या आवृत्त्या काही काळच जपत असे. त्यामुळे पहिल्या महिन्यांतली कितीतरी संपादने हरवली असे मानले जात होते. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग यांना एका जुन्या साठ्यात २००१ सालच्या त्या नोंदी सापडल्या. म्हणजे ‘काहीच पुसले जात नाही’ हा गुण विकीच्या अंगी जन्मजात नव्हता. तो नंतर बाणवला गेला. २००२ च्या जानेवारीत माग्नुस मान्स्के यांनी लिहिलेली नवी आज्ञावली आली आणि त्याच वर्षी जुलैत ली डॅनियल क्रॉकर यांनी ती नव्याने रचली. आजच्या ‘मीडियाविकी’चा पाया तो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्या काळी माहितीचा चौकोन हवा असेल, तर लेखातच कोष्टकाची लांबलचक खूणभाषा हाताने लिहावी लागे. दुसऱ्या लेखाला तसाच चौकोन हवा, तर पहिल्याची नक्कल करायची आणि नावे बदलायची. परिणामी प्रत्येक चौकोन थोडा वेगळा. कुठे रेघ जाड, कुठे रंग निराळा. २००४ साली मीडियाविकीची १.३ ही आवृत्ती आली आणि तिने दोन गोष्टी एकदम आणल्या. एक म्हणजे साच्यांसाठी स्वतंत्र नामविश्व आणि त्यांत माहिती भरण्याची सोय. दुसरी म्हणजे गाब्रिएल विके यांनी केलेला ‘मोनोबुक’ हा नवा पेहराव. पानामागे उघड्या पुस्तकाचे फिकट छायाचित्र असे, त्यावरून हे नाव. ज्यांनी २०१० पूर्वी विकिपीडिया वाचला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर ते पुस्तक अजून असेल.

मराठी स्वयंसेवकांनी या काळात जे केले, त्याची पुरेशी नोंद आपल्या भाषेच्या इतिहासात झालेली नाही असे मला वाटते. त्यांनी नुसते लेख लिहिले नाहीत, यंत्रणेला मराठी बोलायला शिकवले. गप्पांच्या पानाला ‘चावडी’ म्हटले, सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’. विषयवार प्रवेशपानाला ‘दालन’ म्हटले. चित्र लहान करून लावायचे तर इंग्रजीत ‘थंब’ लिहितात. मराठीत त्यासाठी ‘इवलेसे’ असा शब्द चालतो आणि यंत्राला तो कळतो. अंगठ्याच्या नखाचे शब्दशः भाषांतर करण्याचा मोह टाळून ज्या कुणी ‘इवलेसे’ सुचवले, त्याला भाषेचा कान होता. अपुऱ्या लेखावर ‘विस्तार’ हा साचा लागे, नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून ‘गल्लत’, तळाशी ‘संदर्भयादी’.

पण माझ्या मते या सगळ्यात मोलाच्या आहेत त्या ‘माहितीचौकटी’. ‘माहितीचौकट साहित्यिक’ हा एकच साचा पाहा. त्यातल्या रकान्यांची नावे मराठीत आहेत : पूर्ण_नाव, टोपण_नाव, जन्म_दिनांक, जन्म_स्थान, कार्यक्षेत्र, धर्म, भाषा, साहित्य_प्रकार, विषय, चळवळ, प्रसिद्ध_साहित्यकृती, प्रभाव, प्रभावित, वडील_नाव, आई_नाव, अपत्ये, स्वाक्षरी_चित्र. यादी लांब आहे. मी निवडक दिली. ही वरवर पाहता कारकुनी. पण ज्या साहित्यात विष्णु वामन शिरवाडकर कुसुमाग्रज होतात, राम गणेश गडकरी गोविंदाग्रज आणि चिं. त्र्यं. खानोलकर आरती प्रभु, तिथे ‘टोपण_नाव’ हा रकाना वर असणे म्हणजे मराठी साहित्याविषयीचे एक मतच आहे. ‘चळवळ’ हा रकाना ठेवणाऱ्याला दलित साहित्य, ग्रामीण साहित्य आठवले असणार असा माझा तर्क. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी १९४६ साली ‘अर्वाचीन चरित्रकोश’ पूर्ण केला, तेव्हा व्यक्तीविषयी काय सांगायचे आणि काय गाळायचे हे एका विद्वानाच्या शिस्तीने ठरले. विकीवर ते काम साच्यांतून झाले आणि अनेकांच्या हातांनी झाले. उद्या कुणाला २००८ सालच्या मराठी वाचकाला लेखकाबद्दल काय जाणून घ्यावेसे वाटत होते यावर प्रबंध लिहायचा असेल, तर त्याचे अस्सल साधन हे रकाने आहेत.

आता आधुनिकीकरणाकडे येतो.

साचे वाढले तशी त्यांची गुंतागुंत वाढली. रकाना रिकामा असेल तर ओळ दिसू नये, एवढी साधी गरज भागवायलासुद्धा सुरुवातीला आडवाटेच्या क्लृप्त्या लढवाव्या लागत. २००६ साली ‘असेल तर, नसेल तर’ अशा अटी लिहिण्याची अधिकृत सोय झाली आणि मग साचे लिहिणाऱ्यांना आवरणे कठीण झाले. कंसांत कंस, त्यांत कंस. मी पहिल्यांदा एक मोठा साचा उघडला, तेव्हा मला मोडी लिपीतल्या फर्ड्या कारकुनाच्या अक्षराची आठवण झाली. संदर्भांनी भरलेली मोठी पाने तयार व्हायला कित्येक सेकंद लागू लागले. २०१३ साली यावर उतारा आला. साच्यांमागची आकडेमोड ‘लुआ’ या आज्ञाभाषेत लिहिता येऊ लागली. ही भाषा ब्राझीलची, १९९३ साली रिओ द जानेरोच्या विद्यापीठात घडलेली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. मराठी विकिपीडियावर अशा आज्ञावल्या ‘विभाग’ या नामविश्वात राहतात.

लुआमुळे पाने झपाट्याने तयार होऊ लागली, हे निर्विवाद. पण लुआ लिहिता येणारी माणसे थोडी. छोट्या भाषांच्या विकींनी काय करायचे? इंग्रजीवरून तयार आज्ञावली उचलून आणायची. तिच्याबरोबर तिच्या रकान्यांची इंग्रजी नावेही येतात, आणि त्यांचे मराठीकरण करत बसायला हात कमी पडतात. ‘जन्म_दिनांक’ लिहिणाऱ्या संपादकाला आता ‘बर्थ_डेट’ लिहावे लागते, तेही रोमन लिपीत. वाचकाला पडद्यावर ‘जन्म’ असेच दिसते, त्यामुळे त्याला फरक कळत नाही. फरक कळतो तो नव्याने लिहू पाहणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाला, जो संपादनाची खिडकी उघडतो आणि बंद करतो.

दुसरा बदल याहून खोल आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘विकिडाटा’ सुरू झाला. हे सर्व भाषांना सामाईक असे माहितीचे कोठार. आधी त्याने एका लेखाला इतर भाषांतल्या लेखांशी जोडणारे दुवे आपल्याकडे घेतले. प्रत्येक लेखाच्या तळाशी पूर्वी भाषादुव्यांची जी रांग हाताने लिहिलेली असे, ती २०१३ पासून यंत्रमानवांनी काढून टाकली. पुढे जन्मतारखा, लोकसंख्या, पुरस्कार हेही कोठारातून येऊ लागले. मराठीत ‘विकिडाटा माहितीचौकट’ नावाचा साचा आहे. लेखात ही एक ओळ लिहिली, की चौकट आपोआप भरून येते. ज्या लेखाला कुणी कधी चौकट बसवली नसती, त्यालाही ती मिळते. कोठारात मराठी नाव नसेल तर तो शब्द इंग्रजीत दिसतो, हा भाग सोडला तर छोट्या समुदायाला हे वरदानच आहे, आणि मी तसे मनापासून म्हणतो.

इतिहासकाराच्या बाजूने मात्र पाहा. अशा चौकटीतली जन्मतारीख उद्या कुणी कोठारात बदलली, तर मराठी लेखाच्या इतिहासात त्याची नोंद उमटत नाही, कारण लेखातली ती एक ओळ बदललेलीच नसते. लेखाची पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती उघडली, तरी तिच्यात आजची तारीख दिसते. खरे काय होते हे शोधायचे तर तीन ठिकाणी जावे लागते : लेखाचा इतिहास, साच्याचा इतिहास आणि कोठारातल्या त्या नोंदीचा इतिहास. मग त्या तिन्हींच्या तारखा एकमेकींशी ताडून पाहायच्या. खतावणी, रोजकीर्द आणि पावत्या जुळवण्यासारखेच हे काम. मला ते अवघड वाटत नाही, पण ‘शाश्वत दुवा’ या शब्दांवर विसंबून तो दुवा आपल्या लेखात उद्धृत करणाऱ्या प्राध्यापकाला हे ठाऊक नसते.

यातून काय हरवू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्रजीतले आहे. २०१६ साली इंग्रजी विकिपीडियावर चर्चा होऊन व्यक्तींच्या सर्वसाधारण माहितीचौकटीतून ‘धर्म’ ही ओळ काढण्यात आली. एका शब्दात धर्म सांगणे अनेकदा चुकीचे ठरते, बहुतेकांच्या बाबतीत तो त्यांच्या कार्याशी संबंधित नसतो आणि त्यावरून वाद फार होतात, अशी कारणे होती. मला निर्णय पटतो. पण त्याचा एक परिणाम असा, की त्या साच्याचा वापर करणाऱ्या लेखांच्या २०१६ पूर्वीच्या आवृत्त्या आज उघडल्या तर त्यांतही ती ओळ दिसत नाही. विकिपीडिया कित्येक वर्षे माणसांच्या नावाखाली त्यांचा धर्म छापत होता, ही गोष्टच जुन्या पानांवरून नाहीशी झाली. संपादनाच्या खिडकीत खोलवर पाहिले तर तो शब्द सापडतो. पण तिथे पाहायचे, हे आधी माहीत असावे लागते. आपल्या ‘माहितीचौकट साहित्यिक’मध्येही धर्म हा रकाना आहे, हे वर सांगितलेच. तो ठेवायचा की नाही यावर कधी मराठी चावडीवर कौल लागला, तर निकाल काहीही लागो, हा मुद्दा तेव्हा कुणीतरी मांडायला हवा.

मी २०१० साली एका वाचनालयातल्या व्याख्यानासाठी मराठी कवींवरचे काही लेख कागदावर छापून घेतले होते. ते कागद हिशेबाच्या जुन्या फायलीत राहिले. मागच्या वर्षी त्यांतल्या एका लेखाची त्याच तारखेची आवृत्ती मी पडद्यावर उघडली आणि कागद शेजारी ठेवला. मजकूर अक्षरशः तोच. पण कागदावरच्या चौकटीचा माथा गडद आहे, पडद्यावर फिका. कागदावर दोन ओळी अधिक आहेत. कागदावर कवीचे छायाचित्र आहे. पडद्यावर त्या जागी नुसते लाल अक्षरांत संचिकेचे नाव, कारण ते चित्र मध्यंतरी वगळले गेले. लेखाच्या डोक्यावर कागदात एक सूचना आहे, पडद्यावर तिथेही लाल दुवा, कारण तो साचाच आता नाही. एकच आवृत्ती, एकच तारीख आणि दोन पाने. यातले अस्सल कोणते, असे कुणी विचारले तर मी कागदाकडे बोट दाखवीन.

पेहरावाची गोष्ट तुलनेने सरळ आहे. २००८ च्या डिसेंबरात स्टँटन फाउंडेशनने वापरसुलभतेसाठी आठ लाख नव्वद हजार डॉलरचे अनुदान दिले, त्यातून २०१० साली ‘व्हेक्टर’ हा पेहराव आला. त्याची सुधारित आवृत्ती ‘व्हेक्टर २०२२’ या नावाने ओळखली जाते. मजकुराची रुंदी आवळलेली, अनुक्रमणिका डाव्या बाजूला सरकलेली, भाषांची यादी वर गेलेली. जानेवारी २०२३ मध्ये ती इंग्रजीवर लागू झाली तेव्हा मोठा गदारोळ झाला. या भांडणात मला फारसा रस नाही. ओळ आखूड असली की वाचायला बरे पडते, आणि ज्याला जुने हवे त्याला पसंतीच्या पानावर जाऊन आजही मोनोबुक निवडता येतो. अर्थात तो जुना पेहराव चढवला तरी आतले साचे आजचेच असतात, त्यामुळे २००६ सालचे पान पाहिल्याचे समाधान मिळते ते खोटे.

मोबाइलचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मराठी वाचक मोबाइलवर वाचतो. आणि मोबाइलवरच्या रूपात लेखाच्या तळाशी असणारे मार्गदर्शक साचे दिसतच नाहीत. एखाद्या जिल्ह्यातले तालुके, एखाद्या संताच्या परंपरेतली नावे किंवा एखाद्या लेखकाची पुस्तके एकत्र गुंफणारे हे रुंद पट्टे स्वयंसेवकांनी रात्री जागून केले. लहान पडद्यावर ते मावत नाहीत म्हणून वगळले जातात. इथे आधुनिकीकरण झाले नाही म्हणून नुकसान झाले आहे, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. हे पट्टे अरुंद पडद्यावर घडी घालून बसतील अशा रीतीने पुन्हा रचले, तर मी पहिला टाळ्या वाजवीन. २०१८ पासून प्रत्येक साच्याला स्वतःची शैली जोडण्याची सोय आहे, त्यामुळे ते अशक्यही नाही.

तेव्हा बदल थांबवा, असे माझे म्हणणे नाही. जुने साचे संथ होते, अंध वाचकांच्या पडदावाचकाला न कळणारे होते, काहींचे रंग डोळ्यांत खुपत. बदल करताना जुन्याची नोंद कशी ठेवायची एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरे फार खर्चाची नाहीत. नवा साचा आला की जुना वगळण्याऐवजी त्यावर ‘कालबाह्य’ अशी पाटी लावून तो राहू द्यावा. त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत लाल दुवे उगवत नाहीत. रकाना काढायचा असेल, तर साच्याच्या चर्चापानावर तारीख आणि कारण मराठीत लिहावे. आयात केलेल्या आज्ञावलीत मराठी रकान्यांची नावे पर्याय म्हणून चालू ठेवता येतात. थोडे कष्ट आहेत, पण होते. मोठा बदल करण्याआधी त्या साच्याचे शंभर-दोनशे लेख इंटरनेट अर्काइव्हमध्ये जतन करावेत, कारण तिथे पान त्या दिवशी दिसले तसे राहते.

तांत्रिक उपायही सुचवला गेलेला आहे. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतले हर्बर्ट व्हान द सोम्पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मेमेन्टो’ नावाची पद्धत मांडली. तिच्या मीडियाविकीसाठीच्या जोडणीत जुनी आवृत्ती उघडताना साचाही त्याच काळातला आणण्याची सोय केलेली होती. विकिपीडियावर ती बसवलेली नाही. त्यामुळे साच्यांचे जुने रूप काही अंशी जिवंत उरले आहे ते अनपेक्षित जागी. इंग्रजी विकिपीडियावर नव्या सदस्याच्या चर्चापानावर स्वागताचा साचा नुसता जोडत नाहीत, तो तिथे पूर्ण उतरवून टाकतात. म्हणजे हा साचा खरोखर मोदकाच्या साच्यासारखा वागतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आलेल्या आणि दोन संपादने करून निघून गेलेल्या माणसाच्या पानावर त्या वर्षीचे स्वागत, त्या वर्षीचे शब्द आणि त्या वर्षीचा रंग अजून तसाच आहे.

माझ्यापुरते मी एक काम हाती घेतले आहे. मराठीतल्या माहितीचौकटींचे इतिहास उघडून प्रत्येक रकाना केव्हा आला आणि केव्हा गेला याची नोंद एका वहीत करतो आहे. साहित्यिक, अभिनेता, गायक झाले. राजकारणी चालू आहे. त्यात ‘मागील’ आणि ‘पुढील’ असे दोन रकाने आहेत, पदावर आधी कोण आणि नंतर कोण हे सांगणारे. त्यांच्यापाशी सध्या थांबलो आहे, कारण इतके बारीक बदल दुसऱ्या कुठल्याही चौकटीत मला आढळले नाहीत.